एक ग्राहक सोडून

"सर, हे 'सफाई' तुम्ही लावलंय का?"

"कसली सफाई?"

"सर्व्हरवर. भिंतीवर बघा की."

चौगुले सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. आमच्या सांगलीच्या कचेरीतला तो पडदा म्हणजे सरांचं देवघर. सात जिल्ह्यांतल्या गॅस एजन्सींच्या ग्राहकांची सगळी माहिती आमच्या सर्व्हरवर असायची. त्या सर्व्हरवर कोणतं काम चाललंय, कुणी लावलंय, किती वेळ खातंय, हे त्या पडद्यावर दिवसभर दिसायचं. सांभाळायला माणसं तीनच. मी, चौगुले सर आणि जयदीप खराडे. जयदीप त्या सकाळी मिरजेच्या एका एजन्सीत बंद पडलेली लाइन बघायला गेला होता.

"मी नाही लावलं," सर म्हणाले. "जयदीपनं लावलं असेल, नाहीतर तूच विसरली असशील."

मी विसरत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण मला चिडवल्याशिवाय त्यांची सकाळ सुरू व्हायची नाही. माझ्या नाकावर राग असतो असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खोटं नव्हतं ते.

त्या दिवशी मी देखरेखीची चाळणी बारीक केली होती. आधी फक्त जड कामं पडद्यावर यायची, आता बारीकसारीकही दिसायला लागली होती. त्यात हे सापडलं. दर पाव तासानं जागं व्हायचं, डोळा मिटून उघडेपर्यंत काहीतरी करायचं आणि परत झोपायचं. बॅकअपच्या खात्यातून चालत होतं, आणि ते खातं आम्ही तिघंही वापरायचो. नाव सफाई, पण साफ काहीच करत नव्हतं. एकही जुनी नोंद कुठून हलली नव्हती. माणूस असो की काम, नुसत्या नावावर जगणाऱ्यांचा मला संताप येतो. मी दबा धरून बसले आणि ते पुन्हा जागं झाल्याबरोबर पकडलं, आतली सगळी आज्ञा उलगडून समोर मांडली.

"काय म्हणतंय?" सर खुर्ची ओढत माझ्याजवळ आले.

"कुणालातरी शोधतंय सर. बाई. जन्मतारीख ही अशी. दिवाळीनंतर नवं गॅस कनेक्शन घेतलेली. सापडली तर तिचा पत्ता ह्या मोबाईलवर पाठवायचा. नाही सापडली तर रोज सकाळी 'आज काही नाही' असा मेसेज करायचा."

"नाव काय बाईचं?"

"नाव दिलेलंच नाही."

"बिननावाची कशी सापडायची? कुणीतरी गंमत करतंय."

माझ्या लग्नात सासूबाईंनी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहून घेतलं होतं. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, बारशाला ठेवलेलं माझं स्वतःचं नावही गेलं. नंतर सगळे कागद बदलायला मी महिनाभर खेटे घातले. त्या सगळ्यातून माझी म्हणून एकच गोष्ट शिल्लक राहिली, ती जन्मतारीख. ज्यानं ही आज्ञा लिहिली होती त्याला हे पक्कं माहीत होतं.

"सर, ही नवं लग्न झालेली मुलगी आहे," मी म्हणाले. "शोधणाऱ्याला तिचं आताचं नाव माहीत नाही, म्हणजे तो लग्नाला नव्हता. पण जन्मतारीख पाठ आहे, म्हणजे तो घरचा आहे. आणि नवा संसार कुठंही थाटा, गॅस लागतोच."

सरांचा चेहरा उतरला. आदल्या वर्षीच शेजारच्या तालुक्यात पळून जाऊन लग्न केलेल्या एका पोरीला तिच्याच चुलत्यांनी भर दुपारी तोडलं होतं. बातमी आम्ही तिघांनी इथंच वाचली होती. त्या दिवशी जयदीपनं डबा उघडला नव्हता.

"मारायला शोधतायत म्हणतेस?"

"आहेर द्यायचा असता तर चोरून शोधलं असतं का?"

मग मला आणखी एक ओळ दिसली. एक ग्राहक क्रमांक देऊन पुढे लिहिलं होतं की हा ग्राहक सोडून बाकी सगळे बघ. ह्याचा अर्थ मला लागेना. सरांना मात्र लगेच लागला, किंवा त्यांना तसं वाटलं.

"ही सोडलेली बाई चोराची स्वतःची बायको असणार," ते म्हणाले. "तारीख सारखी असेल, दर वेळी तीच सापडत असेल, म्हणून वगळली. ही कोण ते कळलं की चोर हातात आला."

"आधी बंद करू दे सर मला."

"बंद कसं करशील? चालवून बघितल्याशिवाय काही बंद करायचं नाही."

हा त्यांचा नियम होता. उमेदवारीत एका बँकेत असताना कुणीतरी न बघता एक काम बंद केलं आणि सगळी शाखा आठवडाभर आंधळी झाली होती. तेव्हापासून कोणतंही अनोळखी काम दोघांच्या देखत एकदा पूर्ण चालवायचं, काय बाहेर येतं ते बघायचं आणि मगच त्याचा गळा धरायचा, असं त्यांनी आम्हाला घोकून घेतलं होतं. चांगलाच नियम होता तो. अनेकदा आम्ही त्याच्यामुळे वाचलो होतो.

"थांबा मग. मेसेजची तार आधी तोडते," मी म्हणाले आणि माझ्या संगणकाकडे वळले.

सर मात्र त्यांच्या संगणकावर बसले होते. त्यांनी ती वगळण्याची ओळ खोडली आणि बटण दाबलं. सापडलेला पत्ताही मेसेजनं जातो हे त्यांच्या डोक्यातून निसटलं होतं; मेसेज म्हणजे त्यांच्या लेखी फक्त रोज सकाळी जाणारा, आता थोडाच जाणार होता. मी मागे वळून बघेपर्यंत पडद्यावर एक नोंद उमटली होती. सावनी सागर लोंढे. कुपवाड, एमआयडीसीच्या पाठीमागची चाळ, शेवटची खोली. खाली मोबाईल नंबर. आणि त्याच्याही खाली, मेसेज पोचला.

"सर, काय केलंत हे?"

"काय केलं? ही चोराची बायको."

मला तेवढी खात्री नव्हती. ज्या मोबाईलवर पत्ता गेला होता तो नंबर मी कचेरीच्या फोनवरून फिरवला. कोण आहेस म्हणून चांगली खरडपट्टी काढायची, एवढंच डोक्यात होतं. एकदाच घंटी वाजली आणि पलीकडून पोक्त, खूश झालेला आवाज आला. नंबर ओळखीचा असणार, कारण मला तोंड उघडायलाच मिळालं नाही.

"घावली की रं जयदीप. आत्ताच मेसेज आला. कुपवाडात हाय व्हय, आपल्या नाकाखाली? आम्ही मिरजंच्या बाजारातच हाय, गाडी काढतो. तू येऊ नगंस बाबा. तुझी भन हाय, तुला बघवायचं न्हाई."

फोन बंद झाला. मी सरांना शब्दाला शब्द सांगितलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि जयदीप आत आला. हातात भडंगाची पिशवी. मिरजेला गेला की तो आमच्यासाठी आणायचाच.

"लाइन झाली सर. उंदरानं वायर खाल्ली होती," तो म्हणाला.

सर तरुणपणी तालमीत घुमलेले. ते उठले, दोन ढांगांत त्याच्यापाशी गेले आणि गळा धरून त्यांनी त्याला भिंतीवर आपटलं. पिशवी फुटून भडंग जमिनीवर सांडलं.

"स्वतःच्या बहिणीला कापायला माझा सर्व्हर वापरतोस?"

सरांनी त्याच्या कानशिलात दिली, परत दिली. तो मार खात होता, पण त्याचे डोळे सरांच्या खांद्यावरून पलीकडे गेले होते. पडद्यावर तो पत्ता तसाच होता. तो वाचल्याबरोबर त्याचा सगळा नूर पालटला. त्यानं सरांच्या हाताचा कडकडून चावा घेतला, सुटला, आणि हाताला आलेली खुर्ची सरांच्या तोंडावर घातली. सर कपाटावर कोसळले. ओठ फाटला, पुढचा दात खाली पडला. तरी जयदीप थांबेना, खुर्ची पुन्हा उचलायला लागला. मी कोपऱ्यातलं स्टूल घेतलं आणि सगळा जोर लावून त्याच्या पाठीत घातलं. तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा मारलं. खरं सांगते, तेव्हा त्याला मारताना मला बरं वाटत होतं.

"कुणी काढली ती ओळ?" जमिनीवरूनच तो ओरडला. "मॅडम, मारा मला, पण सांगा. मेसेज गेला?"

"गेला. तुझा तो कोण आहे, तो निघालाय गाडी घेऊन."

तो पालथाच पडला आणि डोकं फरशीवर आपटायला लागला. मी त्याचे केस धरून वर ओढलं.

"ती ओळ मी घातली होती," तो म्हणाला. "तिला सोडून सगळीकडं शोध म्हणून. काका म्हणाला होता, तू कंप्युटरवाला, शोधून दे, न्हाईतर तूबी तिच्यातलाच. वडील न्हाईत, घरात त्याचाच शब्द. मी पहिल्याच आठवड्यात शोधली तिला. आणि मग हे लावून दिलं, काकानं कुणा जाणकाराला दाखवलं तरी खरं वाटावं असं. रोज सकाळी त्याला मेसेज जातो, आज काही नाही. मशीन शोधतंय म्हणून तो घरात बसून आहे मॅडम. न्हाईतर माणसं सोडली असती गावोगाव."

मी स्टूल टाकून दिलं.

"तिला तरी सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"कसं सांगू? माझ्यावर त्याचा डोळा आहे. एकदा जरी तिच्या दारात गेलो असतो तरी तो मागनं आला असता. तिला वाटतंय मीच टपलोय तिच्यावर. वाटू दे म्हणलं. भीतीनं तरी सांभाळून राहील."

सर रक्तानं भरलेल्या तोंडानं पोलिसांना फोन लावत होते. पत्ता सांगताना त्यांचे शब्द फुटत होते आणि पलीकडचा माणूस परत परत विचारत होता. नोंदीतला मोबाईल मी लावला. तो नवऱ्याचा असणार. नुसता वाजत राहिला.

"तो फाउंड्रीत आहे, मशीनवर फोन घेऊ देत न्हाईत," जयदीप म्हणाला. बहिणीचा सगळा दिनक्रम त्याला पाठ होता. तो उठला, धडपडला, आणि किल्ली घेऊन जिना उतरला. मी त्याच्या मागे धावले आणि मोटारसायकलवर बसले.

कुपवाडपर्यंत त्यानं गाडी कुठं हळू केली नाही. दोनदा आम्ही मरता मरता वाचलो. एका टेंपोच्या आरशानं माझी बाही फाडली तेही मला नंतर कळलं. चाळीच्या तोंडाशी आलो तेव्हा कुठली गाडी दिसत नव्हती. मला वाटलं, जिंकलो. त्यानं चालती गाडी तशीच सोडली आणि बोळात घुसला. मी गाडीसकट भिंतीवर गेले. पाय सोडवून घेऊन मी लंगडत मागे निघाले.

शेवटच्या खोलीतून मिरची कुटल्याचा आवाज येत होता. ठसका बोळभर पसरला होता. जयदीपनं पत्र्याच्या दारावर थाप मारली.

"अशू, दार उघड. मी जयदीप."

कागदावरची सावनी ही माहेरची अशू होती. कुटणं थांबलं. त्यानं परत थाप मारली.

"अशू, वेळ न्हाई गं. उघड."

कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. दार उघडलं. एक सडपातळ मुलगी उंबऱ्यावर दिसली, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात मिरचीनं लाल. चेहऱ्यावर भीती नव्हतीच. तिनं दोन्ही हातांत लोखंडी बत्ता धरला होता आणि जयदीपनं पाऊल आत टाकायच्या आत तो तिनं त्याच्या डोक्यात घातला.

तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. जयदीप दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. तिनं बत्ता परत वर नेला. मी धावत जाऊन तिचे दोन्ही दंड धरले. अंगानं काडी, पण मला आवरेना.

"सोडा मला. त्याला घरात येऊ देणार न्हाई मी."

"अगं, त्यानंच लपवलं तुला. इतके महिने त्यानंच लपवलं. तुझा काका येतोय. हा तुला सांगायला आलाय."

तिचे हात सैल पडले. ती जयदीपकडे बघत राहिली. त्याच्या केसांतून रक्त उतरून एक डोळा भरून गेला होता. तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणणार होता, एवढ्यात बोळाच्या तोंडाशी जीप थांबली.

तिघं उतरले. पुढचा माणूस साठीचा, पांढरी टोपी, स्वच्छ कपडे, कुठल्याही लग्नात मानाच्या जागी बसवावा असा. हातात कोयता.

जयदीप चौकट धरून उभा राहिला. कसा राहिला कुणास ठाऊक. त्यानं आम्हा दोघींना छातीनं ढकलून आत घातलं आणि दार ओढून घेतलं.

"कडी घाल अशू," तो बाहेरून म्हणाला. "काही झालं तरी उघडू नगंस."

कडी मी घातली. ती नुसती उभी होती. पत्र्याला एके ठिकाणी भोक होतं, त्यातून मला बोळ दिसत होता.

"बाजूला हो," काका म्हणाला.

"न्हाई."

"डोक्याला काय झालं तुझ्या?"

"काही न्हाई."

"जयदीप, तूच लपवली व्हय रं हिला? आम्ही रोज सकाळी मेसेज बघत बसलो, आणि तू आम्हाला नादी लावलंस?"

"व्हय काका. मीच."

काकानं एकदा मान हलवली. मग कोयता मारला. जयदीपनं हात आडवा धरला आणि हात मनगटापासून लोंबला. दुसरा खांद्यावर बसला. तो पडला नाही, दारावरची पाठ न हलवता त्यानं काकाला ओढून मिठी मारली आणि सोडलीच नाही. बाकीचे दोघं त्याला ओढत होते, लाथा घालत होते. प्रत्येक घावाला दाराचा पत्रा थरथरत होता, कारण त्यानं पाठ दाराला लावून धरली होती.

आत अशू भानावर आली आणि बत्ता घेऊन कडीवर झडप घालायला लागली. मी दाराला पाठ लावून आडवी उभी राहिले. तिनं मला ओरबाडलं, माझे केस उपटले, दंडावर दात रोवले. मी हलले नाही. माझ्या पाठीला पत्र्यातून त्याची पाठ लागत होती, आणि ती हळूहळू खाली सरकत होती.

मग चाळीतल्या बायका ओरडायला लागल्या. कुणीतरी वरून पाण्याचा हंडा टाकला, कुणी विटा. पाळी सुटून येणारे फाउंड्रीचे कामगार बोळात धावले. त्यांनी एकाला तिथंच तुडवला. पोलीस आले तेव्हा काका उंबऱ्यापाशी टोपी शोधत होता.

मिरजेच्या इस्पितळात अशू आणि मी एका बाकावर बसलो होतो. तिचा नवरा फाउंड्रीच्या काळ्या कपड्यांतच आला होता, समोरच्या भिंतीला टेकून खाली बसला होता. सर तोंडावर पट्टी लावून येरझाऱ्या घालत होते. मधूनच थांबायचे आणि हातातल्या रुमालाकडे बघायचे. ऊन खिडकीतून पार आमच्या पायांपर्यंत आलं होतं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आम्हाला सांगितलं की जयदीप गेला.

अशू रडली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो बाजूला केला.

थोड्या वेळानं फौजदार आले. वयानं पोक्त, बोलायला सौम्य. त्यांनी आमच्यापुढे खुर्ची घेतली आणि लिहायला कागद काढले. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं. बोळ, जीप, टोपी, कोयता. बत्ता तेवढा सांगितला नाही. भिंतीपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे बघून मी ठरवलं होतं की तो सांगायचा नाही.

"म्हणजे हातावरचा, खांद्यावरचा, डोक्यातला, सगळे घाव चुलत्याचे," फौजदार लिहिता लिहिता म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"न्हाई," अशू म्हणाली.

मी तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला. मिरची अजून तिच्या नखांत होती.

"डोक्यातला माझा आहे," ती म्हणाली. "बत्त्यानं मारला मी. तो त्यांच्या नावावर लावू नका."

फौजदारांनी लिहिणं थांबवलं. तिला वाट काढून द्यावी असं त्यांच्याही मनात आलं असावं, कारण पुढचं त्यांनी अगदी हळू विचारलं.

"पोरी, घाबरली असशील. दारात कोण आहे ते ओळखलंच नसशील, होय ना? भाऊ आहे हे तुला कळलं नसेल."

"कळलं होतं साहेब," ती म्हणाली. "भाऊ आहे हे कळलं, म्हणूनच मारलं."